‘काही करत नाही हो तो!’

‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच,’ असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. शेपटाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ते वाकडंच छान दिसतं! तक्रार आहे ती या म्हणीचा आधार घेऊन आपण जे हात झटकून मोकळे होतो त्याबद्दल. दाराची बेल वाजते. घरातला मोती, टॉमी नाहीतर शेरू बाणासारखा सुटतो. भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतो, दारावर पंजे आपटतो आणि दार उघडलं रे उघडलं, की समोरच्याच्या छातीवर दोन पाय ठेवून उभा! समोरचा माणूस भिंतीला चिकटलेला, आणि आपण पदराला हात पुसत येऊन हसत हसत म्हणतो, ‘घाबरू नका, काही करत नाही हो तो!’

मैत्रिणींनो, हे वाक्य आता आपण बोलणं बंद करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी कुत्र्याला दाराशी शांत बसायला शिकवावं. हे शिकवता येतं, घरच्या घरी येतं, त्यासाठी मोठ्या शहरातला महागडा ट्रेनर लागत नाही. आणि ते शिकवणं ही नुसती हौस नाही, कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराची ती जबाबदारी आहे.

पूर्वी आपल्या लहान गावांत कुत्रा असायचा तो अंगणात, गोठ्यापाशी नाहीतर मळ्यातल्या वस्तीवर. उरलेली भाकरी खायची, रात्री राखण करायची, अनोळखी माणूस दिसला की भुंकायचं, एवढं त्याचं काम. येणारा माणूसही लांबूनच हाक द्यायचा, ‘ओ वहिनी, कुत्रं आवरा!’ आता दिवस बदलले. अंगणं गेली, रो-हाऊस आणि फ्लॅट आले. मुलांच्या हट्टापायी कुणाकडे लॅब्रॅडॉर आला, कुणाकडे पामेरियन, कुणाकडे जर्मन शेफर्ड. कुत्रा उंबऱ्याच्या आत आला, सोफ्यावर झोपायला लागला. आपण त्याला घरातलं माणूस केलं. पण घरातल्या माणसानं दाराशी कसं वागायचं असतं, हे त्याला सांगायचं मात्र राहूनच गेलं. मुलांना आपण शिकवतोच ना, पाहुणे आले की अंगावर धावू नको, आधी त्यांना आत तर येऊ दे? मग मोतीलाच ही सूट का?

आता आपल्या दारात येतं कोण, याचा जरा विचार करू या. नात्यातले पाहुणे किंवा मैत्रिणी येतात, त्यांना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्या यायच्या बंद होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘तुझ्याकडे नको बाई, तुझा तो कुत्रा साडीवर उड्या मारतो’ असं सांगून मोकळ्या होतात. त्यांना निवड आहे. पण ज्यांना निवडच नाही, त्यांचं काय? धुणंभांडी करणाऱ्या मावशी, पोलिओचा डोस द्यायला घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताई, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन येणारा माणूस, मीटरचं रीडिंग घेणारा, पोस्टमन, पार्सल आणून देणारी कॉलेजच्या वयाची मुलं. यांच्यापैकी कुणालाच ‘या दारात मी जाणार नाही’ असं म्हणता येत नाही. दारात जाणं हेच त्यांचं काम आहे.

बचत गटाच्या कामासाठी मी वस्तीवर जाते, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. एकीनं सांगितलं, की ती कोपऱ्यावरूनच मालकिणीला फोन करते, ‘ताई, कुत्रा बांधलाय ना?’ दुसरी म्हणाली, ‘दार वाजवायच्या आधी पिशवी पोटापुढे धरते, म्हणजे आधी पिशवीवर येतंय.’ तिसरी काही बोललीच नाही, तिनं फक्त मनगटावरचे ओरखडे दाखवले. मी विचारलं, ‘मग सांगत का नाहीस मालकिणीला?’ तर म्हणाली, ‘सांगून काय करू? काही करत नाही म्हणतात. जास्ती बोललं तर दुसरी बाई बघतील.’

हे ऐकल्यावर ‘काही करत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ लक्षात येतो. आपण ते धीर देण्यासाठी म्हणतो, पण समोरच्या बाईला ऐकू येतं ते असं, की माझा कुत्रा मी आवरणार नाही, तुझी भीती तूच आवर. भीती काही वाद घालून जात नाही. लहानपणी कुत्रा चावलेली बाई असेल, गरोदर असेल, गुडघे दुखणारी आजी असेल. तीस किलोचा लॅब्रॅडॉर प्रेमानं अंगावर आला काय आणि रागानं आला काय, पडणाऱ्या आजीचं हाड दोन्ही वेळा मोडायचं ते मोडतंच.

कुत्र्यानं चावायलाच पाहिजे असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात पार्सल द्यायला आलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणाची बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. दारातून घरचा जर्मन शेफर्ड अंगावर धावला, तो घाबरून पळाला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली उडी घेतली. काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. एक दार उघडलं आणि एका घरातला कमावता मुलगा गेला.

दुसरी गोष्ट नखांची. उड्या मारणाऱ्या कुत्र्याचा ओरखडा आपण ‘एवढंसं तर लागलंय’ म्हणून सोडून देतो. पण रेबीजच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमावलीत रक्त न आलेला ओरखडासुद्धा लस घेण्याच्या वर्गात मोडतो. रक्त आलं असेल किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्यानं चाटलं असेल, तर तो त्याहून गंभीर वर्ग, त्यात लशीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. म्हणून ओरखडा आला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही. पोटातली ती १४ इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. आता दंडात ४ ते ५ वेळा लस घेतली की काम होतं, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पण लस मोफत असली, तरी मावशींचे तेवढ्या वेळचे खाडे कोण भरून देणार? आपल्या कुत्र्यामुळे त्यांना ओरखडा आला असेल, तर त्यांना दवाखान्यात नेणं आणि त्या दिवसांचे पैसे न कापणं, हे आपलंच काम आहे. आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी बूस्टर, हेही ओघानं आलंच.

कायदाही आपल्याला मोकळं सोडत नाही, बरं का! पूर्वी भारतीय दंड संहितेत २८९ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात तेच २९१ वं कलम झालं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पूर्वी दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती.

आपण काय करतो, तर फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावतो. ही पाटी काही आजची नाही. इटलीतलं पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घराच्या प्रवेशद्वारात जमिनीवर रंगीत खड्यांनी साखळीला बांधलेला कुत्रा काढलेला आहे आणि त्याखाली लॅटिनमध्ये हेच लिहिलेलं आहे, कुत्र्यापासून सावध! म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं आपण येणाऱ्यालाच सावध करत आलोय. कुत्र्याला शिकवण्यापेक्षा पाटी रंगवणं सोपं!

आणखी सोपा उपाय म्हणजे साखळी. ‘अंगावर येतो ना, मग ठेवा बांधून.’ सकाळी बांधला तो रात्रीपर्यंत जिन्याखाली. बांधलेल्या कुत्र्याची सगळी ताकद मनातच साठते, आणि साखळी सुटली की तो दुप्पट जोरानं दाराकडे धावतो. मग पुन्हा बांधा. शेवटी कंटाळून एक दिवस गाडीत घालून दूर हायवेवर सोडून येणारे महाभागही मी पाहिले आहेत. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात कुत्र्याला अवाजवी काळ आखूड साखळीला बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं आणि पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडून देणं, या तिन्ही गोष्टी क्रूरतेत धरल्या आहेत. म्हणजे दाराशी न शिकवलेला कुत्रा हा येणाऱ्यालाही त्रास आणि स्वतः कुत्र्यालाही शिक्षाच.

मग कुत्रा असं वागतो तरी का? तो वेडा आहे म्हणून? मुळीच नाही. हे आपणच त्याला शिकवलेलं असतं, नकळत. रशियातले शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना पचनसंस्थेवरच्या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना खाणं मिळण्याआधी दरवेळी ठरावीक खूण मिळायची. काही दिवसांनी खाणं समोर नसलं, तरी नुसत्या खुणेनंच त्यांच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. आपल्या घरातली बेल म्हणजे तशीच एक खूण. बेल वाजली की घरात धावपळ, नवीन माणूस, नवीन वास, पिशवीत खाऊ! बेल ऐकूनच त्याच्या अंगात वीज संचारते.

दुसरं कारण त्याहून साधं. ज्या वागण्यानं फायदा होतो ते वागणं वाढतं. कुत्रा दारावर उड्या मारतो आणि आपण दार उघडतो. त्याच्या हिशेबानं, उड्या मारल्या म्हणून दार उघडलं! पोस्टमन येतो, हा भुंकतो, पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. त्याच्या हिशेबानं, मी भुंकलो म्हणून तो पळाला! रोज ही फत्ते होत असेल, तर तो का थांबेल? वर आपण मागून ‘मोत्या, गप! गप म्हटलं ना!’ असं किंचाळतो. त्याला वाटतं, वा, मालकीणबाईही माझ्याबरोबर भुंकायला लागल्या!

थोडक्यात काय, तर त्याचा हिशेब उलटा करायचा. उडी मारली की दार बंद, शांत बसला की दार उघडं. एवढंच सूत्र. आता ते कसं करायचं ते सांगते.

आधी फिरवून आणा. दिवसभर कोंडलेल्या कुत्र्याला ‘शांत बस’ म्हणणं म्हणजे पावसात चार दिवस घरात अडकलेल्या मुलाला गणितं घाल म्हणण्यासारखं आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चाललं, की निम्मा गोंधळ आपोआप कमी होतो. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचं वांडपणाचं वय, तेव्हा तर हे फारच जरुरीचं.

मग दारापासून सहा-सात फुटांवर, त्याला दार दिसेल अशा ठिकाणी, एक जुनी सतरंजी किंवा गोणपाट टाका. ही त्याची जागा. एका वाटीत खाऊ घ्या. पोळीचे वाटाण्याएवढे तुकडे, उकडलेलं अंडं, पनीर, नाहीतर मीठ-मसाला न घातलेले कोंबडीचे शिजवलेले तुकडे, हाडं काढलेले. मनुका, कांदा आणि चॉकलेट मात्र अजिबात नको, ते कुत्र्याला विषासारखे आहेत. तो जागेवर गेला की ‘जागेवर’ म्हणा आणि खाऊ तिथेच सतरंजीवर ठेवा. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. आठवड्याभरात ‘जागेवर’ म्हटलं की तो आपण होऊन तिथे जाऊन बसायला लागतो.

मग बेल. मुलाला बाहेर पाठवून एकदाच बेल वाजवायला सांगा. कुणी यायचं नाही, दार उघडायचं नाही. बेल वाजली की लगेच ‘जागेवर’ आणि खाऊ. असं रोज दहा वेळा. बेल म्हणजे पाहुणा हे समीकरण पुसून बेल म्हणजे सतरंजी हे नवं समीकरण बसवायचं. काही दिवसांनी बेल वाजली की तो दाराकडे न धावता सतरंजीकडे धावेल आणि तुमच्या हाताकडे बघेल. ते बघताना इतकी मजा वाटते म्हणून सांगू!

यानंतर कडी. तो जागेवर बसलेला असताना कडीला नुसता हात लावा. बसून राहिला तर खाऊ. उठला तर काही बोलायचं नाही, रागवायचं नाही, हात मागे घ्यायचा. परत बसला की पुन्हा हात कडीकडे. मग कडी काढायची, मग दार बोटभर उघडायचं, मग हातभर, मग सताड. प्रत्येक पायरी चार-पाच वेळा नीट जमल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही. फिरायला नेतानाही हाच नियम. पट्टा लावला, दार उघडायला लागलो, तो झेपावला की दार बंद. शांत उभा राहिला की दार उघडं आणि ‘चल’. इथे खाऊचीसुद्धा गरज नाही, बाहेर जायला मिळणं हाच त्याचा खाऊ.

शेवटी माणूस. आधी घरातलंच माणूस बाहेरून येऊ दे, मग शेजारीण, मग कुत्र्याला न घाबरणारा एखादा ओळखीचा. शिकणं चालू असेपर्यंत कुत्र्याच्या गळ्यात पट्टा हवाच आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात हवा. येणाऱ्याला आधीच सांगायचं, की त्याच्याकडे बघू नका, हात लावू नका. चारही पाय जमिनीवर असतील तरच कौतुक. पाय उचलले की पाठ फिरवायची. दाराला ग्रिल किंवा सेफ्टी डोअर असेल तर अर्धं काम सोपं. आणि ज्यांना भीती वाटते, त्यांच्यावर हा सराव कधीही करायचा नाही. मावशींच्या यायच्या वेळी, तो पूर्ण शिकेपर्यंत, त्याला सरळ दुसऱ्या खोलीत ठेवायचं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दोन-चार दिवसांनी असं वाटेल, की हा तर पूर्वीपेक्षा जास्तच भुंकतोय! जुनी युक्ती चालेना म्हटल्यावर तो ती जास्त जोरानं करून बघतो. दुकानात हट्ट धरलेलं मूल नाही का, आई ऐकत नाही म्हटल्यावर जमिनीवर लोळण घेतं? तेव्हा आपण पाघळलो, तर तो एवढंच शिकतो की अजून जोर लावला की काम होतं. तेवढे दिवस तग धरला की पुढे उतार लागतो.

मारायचं का? नाही. वर्तमानपत्राची सुरळी, काठी, गळ्याला हिसका, यातलं काही नको. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ओरडून, हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि त्यांच्या लाळेत ताण दाखवणाऱ्या द्रव्याचं प्रमाणही शिकवणीनंतर वाढलेलं आढळलं. आणि व्यवहारानं बघा. पाहुणा आला की मार बसतो, हे कुत्र्याला कळलं तर तो पाहुण्यावर प्रेम करेल की पाहुण्याचाच राग धरेल? आजवर जो आनंदानं उड्या मारत होता, तो उद्या दात दाखवायला लागेल.

इथे एक फरक ओळखायला हवा. सगळं अंग घुसळत, शेपूट हलवत उड्या मारणारा कुत्रा आनंदी असतो. पण अंग ताठ, नजर रोखलेली, शेपूट पायांत घातलेलं किंवा ताठ उभं, गुरगुर, ओठ वर ओढलेले, अशी लक्षणं असतील तर तो घाबरलेला किंवा चिडलेला आहे. अशा कुत्र्याला घरगुती प्रयोग पुरत नाहीत. आधी पशुवैद्यकांना दाखवा, काही वेळा कानाचं किंवा सांध्याचं दुखणंही त्यामागे असतं. गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नका. गुरगुर ही त्याची सूचना असते. सूचना द्यायची बंद केली की तो थेट चावतो. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ या म्हणीवर तर बिलकूल विसंबू नका.

कुणी म्हणेल, ‘अहो, पण मग चोर आला तर? शांत कुत्रा काय कामाचा?’ शांत म्हणजे मुका नव्हे. दारात कुणी आलं की दोनदा भुंकून वर्दी देऊ दे की! पण आपण ‘बस, कळलं’ म्हटल्यावर थांबता आलं पाहिजे. जो बेल वाजली की वेडापिसा होतो, तो दूधवाल्यालाही भुंकतो आणि चोरालाही. मग त्याच्या भुंकण्याकडे कोण लक्ष देणार? महाभारतात शेवटपर्यंत युधिष्ठिराबरोबर चालत गेलेला कुत्रा स्वर्गाच्या दाराशी पोहोचला, समोर साक्षात इंद्राचा रथ उभा होता. त्याला सोडून आत जायला युधिष्ठिरानं नकार दिला. आपल्या परंपरेत कुत्र्याला मान आहे तो असा, सोबत करणारा म्हणून.

आता सर्वांत अवघड भाग. तो कुत्र्याचा नाही, घरातल्या माणसांचा आहे! कुत्रा आणायचा हट्ट मुलांचा, ‘आणू या’ म्हणणारे घरातले पुरुष, आणि त्याचं खाणं, आजारपण, शी-शू, लस हे सगळं शेवटी येतं ते आपल्याच गळ्यात. शिकवणंही आपणच करणार. पण आपण आठवडाभर सतरंजीवर बसवावं आणि संध्याकाळी घरधन्यानं दारातच ‘आला रे माझा वाघ!’ म्हणून त्याला दोन पायांवर नाचवावं, की सगळं मुसळ केरात! कुत्र्याला ‘बाबांच्या अंगावर उडी चालते, मावशींच्या नाही’ हे कळत नाही. त्याला एकच नियम कळतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायला हवं, की कुणीही, अगदी कुणीही, दारात उड्या मारणाऱ्या कुत्र्याचे लाड करायचे नाहीत. आत या, चप्पल काढा, बसा, आणि तो शांत बसल्यावर हवे तेवढे लाड करा. बेल वाजवायचं काम मुलांना द्या, संध्याकाळचा पाच मिनिटांचा सराव नवऱ्याकडे द्या. कुत्रा सगळ्यांचा असेल, तर त्याची शिकवणीही सगळ्यांची. ते जमणार नसेल, तर पुढच्या वेळी ‘पिल्लू आणू या’ म्हणणाऱ्याला आधी हे विचारा, की दारात त्याला आवरणार कोण?

वेळ किती लागतो? कुत्र्याच्या वयावर आणि आपल्या चिकाटीवर ते अवलंबून आहे. काहींना तीन आठवडे, काहींना तीन महिने. जितकं लहान पिल्लू, तितकं सोपं. साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचं वय हे पिल्लानं जगाशी ओळख करून घेण्याचं. त्या वयात छत्री, हेल्मेट, काठी, गणवेश, खांद्यावरचं सिलिंडर हे सगळं दुरून दाखवलं, खाऊ देत दाखवलं, तर पुढे त्याची दहशत बसत नाही. पण मोठा कुत्राही शिकतो. म्हातारा झाला तरी शिकतो. आपण भरतकामाचा नवा टाका चाळिशीत शिकतोच ना!

आपल्याकडे दाराला फार मान आहे. सकाळी उठून आपण तिथे सडा घालतो, रांगोळी काढतो, सणाला तोरण बांधतो. ते सगळं येणाऱ्यासाठीच असतं. मग त्याच दारात पाऊल टाकताना एखाद्या मावशीच्या पोटात गोळा येत असेल, तर त्या रांगोळीला काय अर्थ? म्हणून आजपासून एक करू या. घराजवळ कुत्रा बघून कुणी थबकलं, की ‘काही करत नाही’ असं म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘एक मिनिट थांबा हं, त्याला जागेवर बसवते, मग दार उघडते.’ आणि आज रात्री पोळ्या करताना एक पोळी जास्त टाका. तिचे बारीक तुकडे करून वाटीत ठेवा. सतरंजी अंथरा. मुलाला म्हणावं, जा बाहेर, आणि वाजव बेल!